पेपर देताना नाक मोकळं, खोलीवर आल्यावर शिंका

प्रश्न: डॉक्टर ताई, नमस्कार. मी २५ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आले. पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत असते. पहिल्याच वर्षी पावसाळा संपता संपता शिंका सुरू झाल्या. आता दरवर्षी भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत सकाळी उठल्या उठल्या वीस-पंचवीस शिंका येतात, नाकातून पाणी गळतं, डोळे खाजतात. परीक्षा जवळ आली की हे सगळं दुप्पट. नवल म्हणजे पेपर लिहिताना एकही शिंक येत नाही, पण संध्याकाळी खोलीवर आले की रात्रभर नाक वाहतं. यंदा परीक्षा पुढे ढकलल्याचं कळलं, त्या आठवड्यात तर डोळे उघडवत नव्हते. खोलीतल्या मुली म्हणतात, हे सगळे टेन्शनचे खेळ आहेत.

डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला होता. माझा मावसभाऊ फार्मसीला आहे. तो म्हणाला, टेन्शन आलं की शरीर स्वतःच स्टेरॉइड तयार करतं. मग टेन्शनमध्ये माझी ॲलर्जी कमी व्हायला हवी ना? उलट वाढते कशी? सवय लागेल या भीतीने चार दिवसांत स्प्रे बंद केला. गेल्या वर्षी गावाकडे एका डॉक्टरांनी कमरेवर इंजेक्शन दिलं होतं, महिनाभर सगळं बंद झालं. तेच पुन्हा घेऊ का? घरी काही सांगितलेलं नाही, बाबा म्हणतील परत ये.
– पेठेतली एक विद्यार्थिनी

उत्तर:

तुझ्या मावसभावाचं म्हणणं खरं आहे, पण ते अर्धंच आहे. त्या अर्ध्यावर विसंबून तू स्प्रे बंद केलास, म्हणून उरलेलं अर्धं नीट सांगते. तुझा प्रश्न फार चांगला आहे. तीस वर्षं नाक-कान-घशाच्या पेशंटमध्ये बसल्यावरही मला तो महत्त्वाचा वाटतो.

ताण आला की मेंदूतून निरोप निघतो, तो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो आणि त्यातून कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. हे स्टेरॉइडच. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला याचंच भावंड, कॉर्टिसोन, टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. दोनच वर्षांत हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं की स्टेरॉइड म्हणजे सूज उतरवणारं, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं. मोठ्या मात्रेत, औषध म्हणून दिलं तर ते तसंच वागतं. पण शरीराच्या स्वतःच्या कारभारात कॉर्टिसॉलचं काम सरसकट लगाम घालण्याचं नाही. ते प्रतिकारशक्तीची दिशाही बदलतं, आणि ती दिशा तुझ्यासारख्या ॲलर्जीवाल्या माणसाच्या नेमकी गैरसोयीची असते.

ती कशी, ते बघ. आपल्या रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींपैकी ज्या मदतनीस टी-पेशी, त्यांचे ढोबळमानाने दोन कल असतात. एक कल पेशीत शिरणाऱ्या विषाणू-जिवाणूंशी लढण्याचा. दुसरा जंतांसारख्या मोठ्या परजीवींशी लढण्याचा. ॲलर्जी ही या दुसऱ्या फळीची चूक आहे. निरुपद्रवी परागकणाला ती शत्रू समजते. पहिल्या फळीला उभं राहायला इंटरल्युकिन-१२ नावाचा संदेश लागतो. कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन दोघंही तो संदेश दाबतात. पहिली फळी बसली की पारडं दुसरीकडे झुकतं. इंटरल्युकिन-४ वाढतं, आणि त्याच्या सांगण्यावरून बी-पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतात. प्रयोगशाळेत बी-पेशींना इंटरल्युकिन-४ च्या जोडीला हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉलच, दिलं तर आयजीई कमी होत नाही, उलट जास्त बनतं. तुझ्या मावसभावाला हे एवढं एक वाक्य वाचून दाखव.

हे आयजीई नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. परागकण आला, दोन आयजीईंना एकदम चिकटला, की पेशी फुटावी तशी आपल्या पोटातलं हिस्टामिन बाहेर टाकते. मग शिंका, पाणी, खाज. हे सगळं काही मिनिटांत. याच मास्ट पेशी मज्जातंतूंच्या टोकांना अगदी खेटून असतात आणि त्या टोकांतून ताणाच्या वेळी जी रसायनं सुटतात, तीही त्यांना चिथावतात. मनाचा आणि नाकाचा संबंध असा तंतू आणि पेशींचा आहे.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ताण थोड्या वेळाचा असेल तर कॉर्टिसॉल चढतं, आपलं काम करतं, उतरतं. पण तीन तीन वर्षं चालणारा ताण वेगळा. घरून येणारे पैसे, वाढतं वय, लांबणारी परीक्षा, बरोबरीच्या मुलींची लग्नं. अशा वेळी पेशींना कॉर्टिसॉलचा निरोप सतत येत राहतो आणि त्या तो ऐकेनाशा होतात. रोज मरे त्याला कोण रडे, तसं. पेशींमध्ये हा निरोप घेणारे जे ग्राही असतात, तेच कमी होतात. एडिथ चेन आणि ग्रेगरी मिलर यांनी २००६ मध्ये दम्याच्या मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. ज्या मुलांच्या घरी आधीपासून ओढाताण होती आणि त्यात नुकताच एखादा मोठा धक्का बसला होता, त्यांच्या रक्तपेशींत कॉर्टिसॉलच्या ग्राहींचा जनुकीय संदेश कित्येक पटींनी कमी आढळला. श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाचे जे ग्राही, त्यांचाही. म्हणजे आतलं औषध आहे, पण ते ऐकणारं कोणी नाही. जुन्या ताणावर नवा घाव, हे वाचलं की मला तुझा तो परीक्षा ढकलल्याचा आठवडा दिसतो.

तू लिहिलेली पेपरच्या दिवशीची गोष्टही याच हिशेबात बसते. हॉलमध्ये बसलीस की ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन जोरात असतं. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, अस्तर बसतं, नाक मोकळं होतं. नाक उघडणारे थेंब हीच युक्ती करतात. ॲड्रेनॅलिन मास्ट पेशींनाही काही काळ शांत ठेवतं. संध्याकाळी हा जोर ओसरतो, आणि मध्यंतरी काय झालेलं असतं? सकाळी रिक्षातून, बसमधून परीक्षा केंद्रावर जाताना पराग नाकात गेलेला असतो. ॲलर्जीची दुसरी लाट साधारण चार ते आठ तासांनी येते, आणि तीत इओसिनोफिलसारख्या पेशी अस्तरात जमा होऊन सूज धरतात. तुझं रात्रभर वाहणारं नाक ही ती लाट आहे.

ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने परागज्वर, म्हणजे परागाची नाकाची ॲलर्जी, असलेल्या २८ जणांना असंच बसवून पाहिलं. एक दिवस शांत, एक दिवस अनोळखी लोकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं. दोन्ही दिवशी हातावर ॲलर्जीची टेस्ट. जे मुळात जास्त काळजी करणारे होते, त्यांच्या हातावरची गांधी ताणाच्या दिवशी मोठी उठली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट केली तेव्हाही मोठीच राहिली. हे काम २००९ सालचं. त्याआधी २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी सौम्य दमा असलेल्या २० कॉलेज विद्यार्थ्यांना एकाच ॲलर्जनचा, म्हणजे ॲलर्जी उठवणाऱ्या पदार्थाचा, श्वास दोनदा दिला, एकदा निवांत दिवसांत आणि एकदा अंतिम परीक्षेच्या आठवड्यात. परीक्षेच्या आठवड्यात त्यांच्या थुंकीत इओसिनोफिल जास्त सापडले. ॲलर्जन तोच, मुलंही तीच, फरक फक्त परीक्षेचा.

तेव्हा खोलीतल्या मैत्रिणींना सांग की टेन्शनने ॲलर्जी जन्माला येत नाही. पराग नसेल तर नुसत्या टेन्शनने तुझे डोळे असे भाद्रपद ते दिवाळी खाजले नसते. असलेली ॲलर्जी टेन्शन वाढवतं, आणि ते वाढणं रक्तात आणि कातडीवर मोजता येतं. ‘हे सगळे मनाचे खेळ’ हा आरोप जुनाच आहे. १८८६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी गुलाबाने शिंका येणाऱ्या एका बाईंसमोर कागदी-कापडी बनावट गुलाब धरला आणि त्यांना खरोखर शिंका सुरू झाल्या. तेवढ्यावरून कितीतरी लोकांनी ॲलर्जीच्या पेशंटना नाटकी ठरवलं. मला त्या गोष्टीतून एवढंच दिसतं की मेंदूची तार नाकापर्यंत पोचते. त्या बाईंच्या शिंका खऱ्याच होत्या. तुझ्याही खऱ्या आहेत.

आता पराग कुठला? भाद्रपद ते दिवाळी या काळात माझा पहिला संशय गवतांवर आणि गाजरगवतावर जातो, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात, आणि १९५५च्या सुमारास ते पुण्यातच कचऱ्याच्या ढिगांवर लोकांच्या नजरेत आलं. आज नदीकाठ, मोकळे प्लॉट, रेल्वेची कडा, कुठेही बघ: गाजराच्या पाल्यासारखी पानं आणि वर मोहरीएवढी पांढरी फुलं. गेल्या आठवड्यात एका तरुणाच्या हातावर टेस्ट केली. आतल्या बाजूला ओळीने थेंब, प्रत्येकावर सुईचं हलकं टोचणं. पंधरा मिनिटांनी मांजर काही नाही, झुरळ काही नाही, धुळीतल्या किड्याची जेमतेम गांधी, आणि गाजरगवताच्या जागी चांगली मोठी पांढरी गांधी, भोवती लाल कडं. तीन मिलिमीटरच्या वर गेलं की आम्ही मोजतो. त्याचं नऊ भरलं. त्याने नुसतं बघून विचारलं, “एवढं माझ्या नाकात चालतं?” हो, एवढं नाकात चालतं.

पण तुझ्या बाबतीत मी टेस्टशिवाय पैज लावणार नाही. कॉटवरची जुनी गादी आणि अभ्यासिकेतला न धुतलेला एसी, या दोन्हींत धुळीतले किडे मजेत असतात, आणि तू दिवसाचे वीस तास या दोन जागी असतेस. म्हणून स्किन प्रिक टेस्ट करून घे. टेस्टच्या आधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर हातावर काहीच उठत नाही. नाकातला स्प्रे चालू ठेवला तरी चालतो.

आता स्प्रेची भीती. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. तुझ्या ग्रंथी दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतात. औषध इतकं थोडं असूनही काम करतं, कारण ते ग्राहीला कॉर्टिसॉलपेक्षा कितीतरी घट्ट धरतं आणि जिथे सूज आहे तिथेच पडतं. या दोन औषधांतलं रक्तात दोन टक्क्यांहूनही कमी जातं. सवय लागत नाही. सवय लागते ती नाक उघडणाऱ्या थेंबांची, झायलोमेटॅझोलिन आणि ऑक्सिमेटॅझोलिनची. ते पाच-सात दिवसांपुढे घातले की नाक थेंबांशिवाय उघडतच नाही. लोक नेमकी उलट भीती बाळगतात, याचं मला फार वाईट वाटतं.

चार दिवसांत तुला फरकही दिसला नसेल, कारण स्प्रेचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. आणि बहुतेक तो चुकीचा मारला जात असावा. दहातले सात पेशंट मान मागे टाकून सरळ वर मारतात आणि जोरात ओढतात. औषध घशात उतरतं, कडू लागतं, नाकाला मिळत नाही. आधी नाक शिंकर. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने धर, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारलंस तर रक्त येईल. मग हळू श्वास घे, फूल हुंगावं तसा. रोज एकाच वेळी, हंगाम संपेपर्यंत. पुढच्या वर्षी श्रावण सरायच्या आधीच सुरू कर, शिंकांची वाट बघू नकोस. परीक्षेच्या आठवड्यात तर एक दिवसही चुकवू नकोस, कारण तुझ्या आतलं कॉर्टिसॉल ज्या काळात सगळ्यात कमी ऐकलं जातं, तो हाच आठवडा.

कमरेवरचं इंजेक्शन घेऊ नकोस. ते बहुधा साठवणीचं स्टेरॉइड असावं. स्नायूत बसून ते आठवडेच्या आठवडे रक्तात झिरपत राहतं, आणि तेवढे दिवस मेंदू अधिवृक्क ग्रंथींना म्हणतो, तुम्ही गप्प बसा. अशात एखादा ताप, अपघात, ऑपरेशन आलं तर शरीराला लागणारं कॉर्टिसॉल वेळेवर मिळत नाही. टोचल्या जागी मांस झडून खळगा पडतो. दरवर्षी घेत गेलं की हाडं ठिसूळ व्हायला लागतात, साखर वाढते. महिनाभर सगळं बंद झालं हे खरं, पण त्याची ही किंमत सर्दीसाठी मोजण्यासारखी नाही. ज्यांनी दिलं त्यांच्यावर मी राग धरत नाही. त्रास बघवला नसेल. तू मात्र पुन्हा हात पुढे करू नकोस.

गोळी लागलीच तर झोप न आणणारी घे. फेक्सोफेनाडिन त्यातल्या त्यात बरी, पाण्याबरोबर घ्यायची, फळांच्या रसाबरोबर नाही. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत असतं ते क्लोरफेनिरामिन, किंवा फेनिरामिन, अभ्यासाच्या दिवसांत नकोच. ब्रिटनमध्ये २००७ साली सुमारे अठराशे शाळकरी मुलांची पाहणी झाली होती. सराव परीक्षेपेक्षा मुख्य परीक्षेत, ऐन परागाच्या हंगामात, ज्यांची श्रेणी घसरली त्यांत परागज्वराची मुलं जास्त होती, आणि गुंगी आणणारी गोळी घेणारी त्याहूनही जास्त. तुझ्या तीन वर्षांच्या मेहनतीला हा घाटा परवडणारा नाही.

बाकी रोजचं थोडक्यात सांगते. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात आयोडीन नसलेलं मीठ चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा किंचित कमी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून संध्याकाळी नाक धू. जलनेतीचं भांडं चालेल, नळाचं कच्चं पाणी अजिबात नको. बाहेर जाताना मास्क. खोलीवर आल्यावर तोंड धू, शक्य असेल तर केसही. आणि गच्चीतल्या दोरीवर उशीचा अभ्रा, ओढणी, टॉवेल वाळत घालत असशील तर हंगामाचे तेवढे दिवस आत वाळव. पराग ओल्या कापडाला चिकटतो आणि रात्रभर तू त्यावर गाल टेकून झोपतेस. गाजरगवत दिसलं तर उघड्या हाताने उपटायला जाऊ नकोस, त्याने कातडीलाही वेगळा, फार चिवट त्रास होतो.

टेन्शन घेऊ नकोस, असं मी तुला म्हणणार नाही. ते म्हणून कोणाचं कमी झालेलं मी पाहिलेलं नाही. प्राणायाम जरूर कर, जिवाला बरं वाटेल, पण त्याने आयजीई नाहीसं होत नाही आणि तो स्प्रेच्या जागी चालणार नाही. मला काळजी आहे ती तुझ्या झोपेची. कॉर्टिसॉलला स्वतःची वेळ असते: मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी, पहाटे चढू लागतं, जाग येता येता भरात. रात्री दोनपर्यंत जागून, एक दिवस सहाला तर एक दिवस दहाला उठून ही लय मोडते. सात तास झोप, आणि उठायची वेळ रोज एकच. एवढं मला पाळून दाखव.

आणि घरी सांग. बाबांना नाही सांगवत तर आईला सांग. तीन वर्षं चाललेली ही ओढाताण तू एकटीने गिळते आहेस, आणि तीच तुझ्या पेशींना बहिरं करते आहे. ‘ॲलर्जी आहे, औषध चालू आहे, अभ्यास चालू आहे’ एवढं फोनवर सांगायला दोन मिनिटं लागतात. परत ये म्हणाले तर हे उत्तर त्यांना वाचून दाखव.

एक गोष्ट मात्र लांबवू नकोस. रात्री खोकला उठत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर नाकावर थांबायचं नाही. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन फुंकून करायची तपासणी करून घे. नाकाची ॲलर्जी आणि दमा पुष्कळदा एकाच घरात राहतात.

टेस्टला जाताना तीन आठवड्यांची एक वही घेऊन जा. रोज सकाळच्या शिंका, कुठे होतीस, किती झोपलीस, त्या दिवशी काय ताण होता, एवढंच लिही. दिवाळीत गावी गेलीस की तिथलंही लिही. गावात गवत काही कमी नसतं, म्हणून तिथे शिंका थांबल्या तर ती गादी आणि एसी संशयात येतील, आणि घरच्या माणसांत उतरलेला ताणही. जानेवारीच्या शेवटी वावळाचं झाड फुलतं, पानं झडलेल्या फांद्यांवर. त्याचा परागही नाकाला छळणारा आहे. तेव्हा काही जाणवलं तर मला पुन्हा लिही, आणि टेस्टचा कागद सोबत पाठव.